ड्रमचे दहा उपयोग

ज्या दिवशी शाळेत बैठक झाली, त्या दिवशी मोतीराम ढगे सर सोयगावला भाचीच्या मुलाच्या जावळाला गेले होते, आणि सगळं तिथंच बिघडलं. गारखेड्याच्या ज्ञानसरिता विद्यालयात बैठकीला हजर असणाऱ्याला चहा मिळतो आणि गैरहजर असणाऱ्याला जबाबदारी. हा नियम कुठं लिहिलेला नाही, त्यामुळं तो कधी मोडलाही जात नाही.

दुसऱ्या दिवशी सर बुंदीचा डबा घेऊन स्टाफरूममध्ये आले, तेव्हा सहकाऱ्यांनी बुंदी जरा जास्तच प्रेमानं घेतली. मग शिपायानं पत्र आणून दिलं. ‘प्रज्ञावंत विद्यार्थ्यांसाठी सर्जनशील विचार कौशल्य विकसन प्रशिक्षण. कालावधी बारा दिवस. विद्यार्थी वीस. समन्वयक : श्री. मो. सां. ढगे.’ सरांनी पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर हातातली बुंदी परत डब्यात ठेवली.

सर गणिताचे. एका गणिताला एकच उत्तर असतं आणि ते पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असतं, या श्रद्धेवर त्यांनी बावीस वर्षं काढली होती. एखाद्या पोरानं वेगळ्याच वाटेनं जाऊन बरोबर उत्तर आणलं, तर सर त्याचे दोन गुण कापत. उत्तरासाठी नाही, वाटेसाठी. अशा माणसाच्या हाती सर्जनशीलता देणं म्हणजे शाकाहारी माणसाला खाटकाच्या दुकानात गल्ल्यावर बसवण्यासारखं होतं. पण मुख्याध्यापिका मंजिरी कुलथे मॅडम म्हणाल्या की कागदावर नाव गेलेलं आहे. कागदावर गेलेलं नाव आणि नळाला आलेलं पाणी, दोन्ही परत पाठवता येत नाही.

संध्याकाळी पुंडलिकनगरच्या गल्लीत सरांनी हा विषय काढला. काढायला नको होता. शेजारचे कडुबा अण्णा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाले तरी त्यांच्या अंगातली कचेरी निवृत्त झाली नव्हती. त्यांनी पत्र उजेडात धरलं, आवक क्रमांक बघितला, सही बघितली आणि मजकूर न वाचताच परत दिलं. परिपत्रक वाचायचं नसतं, त्याला अहवाल पाठवायचा असतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. अहवाल आधी लिहून ठेवा, प्रशिक्षण जमलं तर बघू. समोरच्या कोपऱ्यावर कूलर दुरुस्तीचं दुकान चालवणारे हैदरभाई मात्र मनापासून खूश झाले. “सर, इत्ता बडा काम तुम्हाला दिलं म्हणजे तुमच्यात कायतरी असंलच की,” ते म्हणाले. बावीस वर्षांत हे वाक्य सरांना कुणी म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यापायी त्यांनी कडुबा अण्णांचा शहाणा सल्ला बाजूला ठेवला आणि काम खरंच करायचं ठरवलं.

पहिलं काम प्रज्ञावंत शोधण्याचं. शाळेत सातवीच्या तीन तुकड्या, आणि निवड व्हायची आहे ही बातमी फुटताच असं आढळलं की तिन्ही तुकड्यांत सामान्य मूल एकही नाही. एका आईनं सांगितलं की तिच्या मुलानं दीड वर्षाचा असताना मोबाइलचं कुलूप उघडलं होतं. एक वडील मुलाची पत्रिका घेऊन आले. कुणी आजोबांची शिफारस आणली, कुणी डॉक्टरांचा दाखला. दाखल्यात मुलाचं डोकं सरासरीपेक्षा मोठं असल्याचं लिहिलं होतं, आणि ते नुसतं बघूनही पटत होतं.

शेवटी पत्रासोबत आलेल्या प्रशिक्षण पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणं चाचणी घ्यायची ठरली. ‘रोजच्या वापरातील एका वस्तूचे जास्तीत जास्त नवे उपयोग लिहा’ असा प्रश्न. वस्तू समन्वयकानं निवडायची होती. सरांनी निळा प्लास्टिकचा ड्रम निवडला. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या या शहरात ड्रम ठाऊक नाही असं मूल सापडणार नाही. इथं सोयरीक जुळवताना मुलाचा पगार नंतर विचारतात, आधी घरात ड्रम किती आणि गच्चीवर टाकी केवढी ते बघतात. त्यामुळं प्रश्न सर्वांना समान न्याय देणारा होता.

पण वरच्या कार्यालयातून फोन आला की प्रश्नासोबत आदर्श उत्तरपत्रिका आगाऊ पाठवा. तिच्यात नसलेल्या उत्तरांना गुण देऊ नयेत, नाहीतर मूल्यमापनात एकवाक्यता राहणार नाही. दुसरा कुणी असता तर हसला असता. सरांचा मात्र जीव भांड्यात पडला. शेवटी उत्तरं आहेत तर. ते कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसले आणि तासाभरात त्यांना ‘धान्य साठवणे’ एवढं एकच सुचलं. बायको सुरेखा मेथी निवडत होती. तिनं मेथीची जुडी संपायच्या आत आठ उपयोग सांगितले आणि वर विचारलं की यासाठी सरकारला बारा दिवस कशाला लागतात. दहावा उपयोग सरांनी स्वतः शोधला. कंपाउंडवर मांजर बसलं होतं, ते बघून त्यांनी लिहिलं, ‘मांजरीचे घर.’ हे त्यांचं स्वतःचं होतं, म्हणून त्यांनी ते दोनदा वाचलं.

शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कागद टाइप करून घेतला. तिथल्या पोरीचा हात चालता होता. तिनं ‘मांजरीचे’ ऐवजी ‘मंजिरीचे’ टाइप केलं आणि एक प्रत मशीनवर विसरून राहिली. त्या दिवशी दुकानासमोर पालकांची एवढी गर्दी कशानं झाली, हे सरांना नंतर समजलं.

चाचणीत बरोबर वीस मुलांना दहापैकी दहा मिळाले. वीसही जणांचे उपयोग तेच, क्रमही तोच, आणि दहावा उपयोग सगळ्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला होता : मंजिरीचे घर. मंजिरी मॅडमनी सरांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि शांतपणं विचारलं, “ढगे सर, मी ड्रममध्ये राहते असं सातवीच्या वीस मुलांना का वाटतं?”

सरांनी चाचणी रद्द करायची तयारी दाखवली. पण गुण शिक्षण खात्याच्या ॲपवर भरून झाले होते आणि भरलेलं पुसायची सोय त्या ॲपमध्ये नव्हती. शिवाय वीस जणांत संस्थेच्या सचिवांचा नातू सत्यम होता, त्यामुळं चाचणी बरोबरच झाली होती.

शून्य मिळालेल्यांत हैदरभाईंची नात होती. युसरा नाव. वर्गात तिसऱ्या बाकावर गप्प बसणारी पोरगी. तिनं दहा ओळींच्या जागेत दोनच ओळी लिहिल्या होत्या : ‘ड्रममध्ये पाणी असते तेव्हा त्याचा दुसरा उपयोग करता येत नाही. पाणी नसते तेव्हा घरात भांडण चाललेले असते, म्हणून सुचत नाही.’ सरांना हसू आलं. मग उत्तरपत्रिकेत हे नाही हे आठवलं आणि त्यांनी शून्य कायम ठेवलं. पण संध्याकाळी हैदरभाई म्हणाले की पोरगी घरात बसून काय करणार, बैठने दो सर एका कोपऱ्यात. सरांनी बसू दिलं. यादीत ती नव्हती, सतरंजीवर होती.

सतरंजी सरांच्या गच्चीवर होती. कारण शाळेत बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र पडलं होतं, आणि प्रज्ञावंतांसाठी एकही खोली शिल्लक नव्हती. मार्चचं ऊन, वर हिरवी जाळी, खाली वीस प्रज्ञावंत आणि एक बिनप्रज्ञावंत. पुस्तिकेच्या दुसऱ्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं : ‘विद्यार्थ्यांना चौकटीबाहेर विचार करण्यास प्रवृत्त करावे. विचार खालील चौकटीत लिहून घ्यावेत.’ एका मुलाचा विचार चौकटीत मावला नाही, तर त्याला तो लहान करायला सांगावं लागलं. चौथ्या दिवशी ‘मुक्तपणे प्रश्न विचारणे’ हा घटक होता, आणि मुक्तपणे विचारायचे वीस प्रश्न पुस्तिकेतच दिले होते. मुलांनी ते पाळीपाळीनं विचारले.

रोज साडेदहाच्या आत फोटो ॲपवर चढवायचा होता. फोटोत वीस चेहरे हवेत आणि सगळे आनंदी हवेत. एकवीस चेहरे आले की ॲप फोटो नाकारायचं, म्हणून फोटोच्या वेळी युसराला टाकीमागं जावं लागायचं. ती रोज न सांगता जायची. सरांना ते खटकायचं, पण साडेदहा वाजत आलेले असायचे. ‘आज सुचलेली नवीन कल्पना’ या रकान्यात टाइप करता येत नव्हतं. तिथं सहा कल्पना तयार होत्या, त्यातली एक निवडायची. सरांनी सलग पाच दिवस ‘वृक्षारोपण’ निवडलं.

गल्ली दरम्यान स्वस्थ नव्हती. वर गच्चीवर काहीतरी सरकारी चाललंय म्हटल्यावर एका बाईनं रेशन कार्डातलं नाव दुरुस्त होईल का विचारलं. पलीकडच्या साळूबाईंना वाटलं सरांनी शिकवणी काढली. नातवाला का घेतलं नाही म्हणून त्या तीन दिवस सुरेखाशी बोलल्या नाहीत. सरांनी समजावलं की ही शिकवणी नाही, मुलांना विचार करायला शिकवतो. त्यावर साळूबाई म्हणाल्या, “ते लई वाईट. आमच्या ह्यांनी आयुष्यभर तेच केलं.”

समारोप बाराव्या दिवशी, गुरुवारी. विस्तार अधिकारी वाघचौरे साहेब स्वतः येणार होते. साहेबांचे गुडघे दुखत असल्यानं गच्ची बाद झाली आणि कार्यक्रम खाली गल्लीत, मांडवात ठरला. फ्लेक्स नसेल तर कार्यक्रम झाला हे कोण मानणार, असं कडुबा अण्णा म्हणाले. हा सल्ला सरांनी ऐकला. बारा फूट बाय आठ फुटांचा फ्लेक्स आला. मधोमध हात जोडलेले वाघचौरे साहेब, एका बाजूला सचिव, दुसऱ्या बाजूला मॅडम, आणि खाली, खुर्च्या मांडल्यावर झाकली जाईल अशा जागी, सरांचं नाव.

साहेबांसमोर मुलांनी ‘ड्रमचे दहा उपयोग’ प्रत्यक्ष दाखवायचे होते. त्यासाठी ड्रम लागणार. पाण्याची पाळी शुक्रवारी होती, म्हणजे गुरुवारी गल्लीतले ड्रम रिकामेच असणार. हे गणित सरांनी स्वतः मांडलं आणि ते अगदी बरोबर होतं. घरोघर जाऊन त्यांनी नऊ ड्रम मागून आणले, संध्याकाळपर्यंत जसेच्या तसे परत करायचा शब्द दिला. साळूबाईंनीसुद्धा दोन दिले, आणि देताना सरांच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं.

गुरुवारी सकाळी सर फोटो चढवत बसले. नेटवर्क नव्हतं. ते फोन वर धरून गल्लीच्या टोकापर्यंत गेले, तिथून रिक्षा स्टँडपर्यंत गेले. मुलांना फक्त ड्रमवर रंगीत कागद चिकटवायला सांगितलं होतं. पण पुस्तिकेत ‘प्रत्यक्ष कृती’ असं ठळक अक्षरात होतं, आणि सत्यमनं ते वाचलं होतं. तो हैदरभाईंच्या दुकानात गेला आणि सरांचं नाव सांगून ड्रिल मशीन आणि करवत मागून आणली. बच्चों का काम है म्हणून हैदरभाईंनी धार लावून दिली. सर परत आले तेव्हा कुंडीला भोकं पडली होती, चुलीला तोंड फुटलं होतं आणि मंजिरीच्या घराला दोन खिडक्या होत्या. नऊपैकी सात ड्रम प्रज्ञेला बळी पडले होते. सर खुर्चीत बसले. आजवर त्यांनी मुलांच्या वह्यांत खूप चुका पाहिल्या होत्या, पण रबरानं खोडता येणार नाही अशी ही पहिलीच. उद्या सकाळपर्यंत बाजारातून सात ड्रम आणायचे आणि रंग जुळवायचे, असं मनाशी ठरवून ते साहेबांच्या स्वागताला उभे राहिले.

साहेब आले, हार झाले. सत्यमनं दहा उपयोग घडाघडा म्हटले. साहेब भाषणाला उठले आणि म्हणाले की आजच्या युगात जो नवा विचार करील तोच टिकेल. एवढ्यात पलीकडच्या घरातून बाईचा आवाज आला की नळ आला. एक दिवस आधी, बिनखबर, आणि चांगल्या जोरात.

पुढच्या अर्ध्या मिनिटात श्रोते संपले. बाया उठल्या, गडी उठले. घरोघरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या, गल्लीचा फ्यूज उडाला आणि ‘नवा विचार’ हे शब्द तोंडात असतानाच साहेबांचा माइक बंद पडला. मोटारीही बंद. आता पाणी गच्चीवरच्या टाकीत चढणार नव्हतं. खाली जे भरून घेता येईल ते खरं, आणि भरायचे ड्रम मांडवात होते. साळूबाई आपला ड्रम न्यायला आल्या आणि त्याला पाडलेल्या खिडकीतून आरपार पलीकडचं बघत उभ्या राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. जमिनीलगतचे नळ वाहत होते, पाणी गटारीत चाललं होतं, पाऊण तासानं ते जाणार आणि पुढं आठ दिवस येणार नव्हतं. अख्खी गल्ली सरांकडं बघत होती. वीस प्रज्ञावंत रांगेत उभे होते, कारण त्यांना बसा असं कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा कुणीतरी सरांची बाही ओढली. युसरा होती.

“सर, फ्लेक्स काढू का?”

सरांना आधी काही समजलं नाही. ते नुसतं व्हय म्हणाले. पोरगी मांडवाच्या बांबूवर चढली आणि दोऱ्या सोडल्या. मग खाली उतरून भोकं पडलेले ड्रम आडवे लोटले आणि गोल मांडले, मधल्या फटींत खुर्च्या उलट्या घातल्या. आता सगळ्यांच्या लक्षात आलं. सत्यमनं विचारलं की हा कितवा उपयोग आहे. उत्तर मिळालं नाही, तेव्हा त्यानं बूट काढून फ्लेक्सचं एक टोक धरलं. बाकीची पोरं धावली. फ्लेक्स त्या कड्यावर अंथरला, कडा बाहेर दुमडून रिंगांतून दोरी ओवली. छापलेल्या बाजूचा रंग पाण्यात उतरेल म्हणून युसराची आई अजरानं ओरडून सांगितलं की पांढरी बाजू वर करा. पोरांनी उलटा केला. वाघचौरे साहेब, सचिव आणि मॅडम हात जोडलेल्या स्थितीत रस्त्यावर पालथे झाले आणि त्यांच्यावर हैदरभाईंनी नळाचा पाइप सोडला.

पाऊण तासात तळं काठोकाठ भरलं. सगळ्या गल्लीनं त्यातून बादल्या नेल्या, हंडे नेले, आणि तरी उरलं. प्रज्ञावंत बारा दिवसांत पहिल्यांदाच फोटोशिवाय हसत होते. खरे वाघचौरे साहेब बूट हातात घेऊन एका पायावर उभे होते आणि आपली प्रतिमा कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज घेत होते. कडुबा अण्णा त्यांच्या शेजारी जाऊन आदरानं म्हणाले, “पालथ्या घड्यावर पाणी राहत नाय म्हणत्यात, साहेब. पण बघा, राहिलं.”

सोमवारी शाळेत दोन पत्रं आली, एकाच कार्यालयाच्या दोन टेबलांवरून. पहिल्यात लिहिलं होतं की ॲपवरील माहितीनुसार आपल्या केंद्राची सर्जनशीलता अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी वाढलेली असून विभागीय शिबिरासाठी एका विद्यार्थ्याचं नाव कळवावं. दुसऱ्यात विचारलं होतं की अधिकाऱ्यांची प्रतिमा पालथी घालून तीवर पाणी साठवल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये, तीन दिवसांत खुलासा करावा. स्टाफरूममध्ये खुलाशाचे तयार नमुने होते. हयगय, नजरचूक, पुनश्च घडणार नाही, सगळं छापील, फक्त तारीख घालायची. सरांनी तो कागद पुढ्यात घेतला आणि बाजूला सारला. मग कोऱ्या कागदावर लिहिलं : ‘फ्लेक्सचा हा उपयोग माझ्या उत्तरपत्रिकेत नव्हता. प्रशिक्षणाच्या बारा दिवसांत कुणाला स्वतःहून सुचलेली ही एकमेव गोष्ट आहे. सुचली त्या मुलीला मी शून्य गुण दिले होते. त्याबद्दल कारवाई करायची असल्यास माझी हरकत नाही.’ शिबिराच्या पत्राच्या उत्तरात त्यांनी सत्यमचं नाव न घालता युसराचं घातलं.

मंजिरी मॅडमनी दोन्ही कागद वाचले. ही मुलगी यादीत नाही, सचिव विचारतील, असं त्या म्हणाल्या. मॅडमनी चष्मा पुसला. मला ड्रममध्ये घातलंत, रस्त्यावर पालथी पाडलीत, आता आणखी काय व्हायचं राहिलंय, असं म्हणून त्यांनी सही केली.

संध्याकाळी सर सात नवे ड्रम घरोघर पोचते करून, साळूबाईंचं शेवटी एकदाचं ऐकून घेऊन, हैदरभाईंच्या घरी गेले. अजरानं चहा ठेवला. सरांनी छाती जरा पुढं काढून बातमी सांगितली : पाच दिवसांचं शिबिर, सगळ्या विभागातून निवडलेली मुलं, शाळेतून एकटी युसरा. हैदरभाईंचे डोळे भरून आले. युसरानं विचारलं की तिथं काय शिकवतात. सर म्हणाले, सर्जनशील विचार कसा करायचा ते.

“मग मी नाही जात, सर. त्यापेक्षा तुम्ही मला अपूर्णांक शिकवा ना.”

अपूर्णांक सहावीत झाले आहेत, सर म्हणाले. मीच शिकवले आहेत.

“हो. तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. विचारलं असतं, पण तुम्ही पुस्तकातलंच परत सांगितलं असतं.”

अजरानं तिला दटावलं. हैदरभाई खाली बघू लागले. सरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. साहेबांचं पत्र आलं तेव्हाही त्या झाल्या नव्हत्या. त्यांनी कप खाली ठेवला. उठून जावं असं त्यांना एकदा वाटलं, आणि ते उठलेही. पण उठून त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि खुर्ची सोडून खाली सतरंजीवर, तिच्या समोर, मांडी घालून बसले.

“वही आण,” ते म्हणाले. “कुठपर्यंत कळलं होतं, तिथून सांग. मी ऐकतो.”